बिनसांध्याचा आकडा

एका राज्यात दोन चुली होत्या. राज्य एक, राजवाडा एक, सिंहासनही एकच, पण चुली दोन. पूर्वेची थोरल्या राजाची, पश्चिमेची धाकट्याची. थोरला धैर्यसेन, धाकटा सूर्यसेन. दोघे भाऊ सिंहासनावर आळीपाळीने बसत, आणि त्यांचं कधी वाजलं नाही. वाजायला त्यांच्या बायका होत्या.

थोरली राणी हेमावती. तिची नजर म्हणजे सोनाराचा काटा. धाकटीच्या ताटात वांग्याची फोड मोठी दिसली की हिच्या घशाखाली घास उतरत नसे. धाकटीच्या लुगड्याचा काठ बोटभर रुंद दिसला की हिला ताप चढे. धाकटी राणी रूपकळा, ती तरी काय साधी? ती बोलत नसे, नुसती हसत असे. बोलण्यापेक्षा ते हसणं जास्त झोंबतं, ज्या घरात दोन जावा आहेत तिथे हे सांगावं लागत नाही.

त्या राज्याची एक रीत होती. वाटा चुलीला, माणसाला नाही. आंबे आले, दोन वाटे. खंडणी आली, दोन वाटे. एकीने वाटे पाडायचे, दुसरीने आधी उचलायचा, म्हणजे पाडणारीचा हात चोख चालतो. माणसं किती, थोर कोण, लहान कोण, हे विचारायचंच नाही. पोरीबाळींची तर गणतीच नाही, त्या आईच्या चुलीत आल्या.

आणि एक मधला भाऊ होता, नीलसेन. त्याने लग्न केलं नाही, म्हणून त्याला चूल नाही. चूल नाही, म्हणून वाटा नाही. दोन्हीकडची भरली ताटं बघत तो मोठा झाला. एके दिवशी उठला, काळ्या डोंगरावर गेला आणि जादू शिकला. पोटात मत्सर पेटलेला असला की विद्या भराभर येते. त्याला सगळी आली.

दोन्ही राण्यांना एकाच दिवशी मुली झाल्या. थोरलीची केतकी, धाकटीची जास्वंदी. एकाच मांडवात दोघींचं बारसं, एकाच पाळण्यात दोघी. पंगत बसली, आणि काळ्या डोंगरावरून नीलसेन आला. अंगावर निळी कफनी, खांद्यावर टिटवी. पंगतीत सगळ्यांचे पाट होते. त्याचा नव्हता.

तो म्हणाला, "वहिनी, पुतण्यांचं बारसं आहे. मी कुठे बसू?"

हेमावतीच्या मनात आलं, आज पाट दिला तर उद्या हा वाटा मागेल. दोनाचे तीन वाटे होतील, आणि माझा आखडेल. ती भर पंगतीत म्हणाली, "भावजी, तुमची चूल कुठाय?"

पंगत हसली. रूपकळाही हसली, तिच्या त्या हसण्याने.

नीलसेन हसला नाही. त्याने टाच आपटली. दोन चुलींच्या बरोबर मध्ये जमीन दुभंगली, आणि खाली भुयार उघडलं. भुयारात मोत्यांचा डोंगर होता. डोंगरापुढे एक काळी शिळा, शिळेवर आठ आकडे कोरलेले.

"वाचा," तो म्हणाला.

थोरल्या राजाने वाचलं. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.

"इतके मोती आहेत. सगळे तुमचे. सारखे वाटा. एकही उरता कामा नये. तोवर या राज्यात जोडीतलं काही सारखं राहणार नाही. या दोन पोरीही राहणार नाहीत. एकाच चुलीने सगळा ढीग घेतला तर ती वाटणी नव्हे, लूट. लुटणाऱ्याची चूल विझेल. मुदत पाच वर्षांची, पोरी पहिला परकर नेसतील त्या दिवसापर्यंत. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत वाटणी झाली नाही, तर एक पोर दिसेनाशी होईल आणि दुसरी मोडून पडेल."

टिटवी त्याच्या खांद्यावरून उडाली आणि शिळेवर जाऊन बसली. नीलसेन गेला. टिटवी तिथेच राहिली.

मोती जादूचे होते. चुलीतला निखारा भुयारात नेऊन ठेवला की ढीग आपोआप घरंगळे आणि निखाऱ्यापुढे वाटा होऊन बसे. दोन्ही राण्यांनी आपापला निखारा नेला. मोती खळखळत दोन्हीकडे धावले. हिच्यापुढे तीन कोटी एकोणसत्तर लाख एकोणसत्तर हजार पाचशे सहासष्ट. तिच्यापुढे तितकेच. आणि मधोमध एक मोती उरला.

टिटवी एकदा ओरडली. तो तिचा नेम होता. जितके उरतील तितक्या वेळा ओरडायचं.

दोन्ही वाटे जागचे हलेनात. पहारीने हलेनात, हत्तीने हलेनात. हाती येत होता तो फक्त उरलेला एक. रूपकळेने हात घातला. हेमावतीनेही घातला. हेमावतीचा हात जरा आधी पोचला.

त्या दिवसापासून राज्य वाकडं झालं. तराजूची पारडी समतोल राहीनात. औताला जुंपलेल्या जोडीतला एक बैल रेड्याएवढा, दुसरा बोकडाएवढा. नवऱ्यामुलाचे जोडे एक लांब, एक आखूड, लंगडत बोहल्यावर जायचं. आणि पोरी? उरलेला मोती ज्या चुलीपाशी असेल त्या चुलीची पोर वाढे, दुसरीची सुके.

हे दोघींच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मग काय, रूपकळेने तो मोती हेमावतीच्या उशीतून चोरला. केतकी वाळत चालली, जास्वंदी कणसासारखी भरली. हेमावतीने तो रूपकळेच्या पिठाच्या डब्यातून परत चोरला. जास्वंदी वाळली, केतकी ताडासारखी सुटली. पाच वर्षं हेच. राज्य बुडत होतं आणि दोन राण्या एका मोत्यासाठी एकमेकींचे डबे हुंगत होत्या.

प्रधान म्हणाले, "वाटा चुलीलाच द्यायचा ना? मग चुली वाढवू." देवळाची चूल धरून तीन मांडल्या, दोन मोती उरले, टिटवी दोनदा ओरडली. सरदारांच्या धरून सात मांडल्या, पुन्हा दोन. मामे-मावसे गोळा करून तेरा मांडल्या, आठ उरले. शेवटी गावोगावचे निखारे आणून शंभर चुली मांडल्या, तर टिटवी तेहतीस वेळा ओरडली आणि प्रधानांनी कानात बोटं घातली.

हेमावती टिटवीवर खेकसली, "अगं मेले, नुसती ओरडतेस काय! हा आकडा फुटत का नाही?"

टिटवी म्हणाली, "याला सांधा नाही."

"सांधा?"

"बाराला सांधे आहेत. दोनाशी वाकतो, तीनाशी वाकतो, चाराशी, सहाशी वाकतो. म्हणून बारा लाडू झटकन वाटले जातात. हा आकडा कुठेच वाकत नाही. हजार चुली मांड, लाख मांड. काही ना काही उरणारच."

"मग उपाय?"

"ज्याने आकडा आणला त्याला विचार. 'चूल कुठाय' हे तू विचारलंस, म्हणून तूच जायचं. वाटेत तीन नाके आहेत. पहिल्याला जावेचं लुगडं लागतं. दुसऱ्याला जावेची पोर लागते."

"आणि तिसऱ्याला?"

"ते तुझ्या तोंडात आहे. असलं तर."

हेमावतीने आणि जावेपुढे पदर पसरायचा! पण परकराचा दिवस तोंडावर आला होता. मोती तेव्हा तिच्या अंबाड्यात होता, आणि तिची केतकी इतकी उंच झाली होती की दारातून आत येताना तिला गुडघ्यांवर रांगावं लागे. रात्रंदिवस हाडं ठणकत. "आई," ती म्हणे, "मला आता उंच नको करू." आईला वाटत होतं, आपण पोरीचं भलं करतोय.

ती पश्चिमेच्या चुलीपाशी गेली. रूपकळा भाकऱ्या थापत होती. बाजूला वाटीत कापूस घालून त्यात जास्वंदी निजवली होती. पोर वाटीत मावत होती.

"तुझं लुगडं दे," हेमावती म्हणाली.

"तुमची लुगडी संपली वाटतं?"

"आणि तुझी पोर दे."

रूपकळा हसली नाही. पहिल्यांदाच हसली नाही. "जाऊबाई, माझी पोर तुमच्या हातात? वाटीएवढी केलीत, ते पुरलं नाही?"

"तुझ्याकडे मोती होता तेव्हा माझी सुपात मावत होती. विसरलीस?"

तव्यावर भाकरी करपली. मग हेमावतीने टिटवीचं सगळं बोलणं सांगितलं. रूपकळेने ऐकून घेतलं, पीठ झटकलं आणि म्हणाली, "न्या. पण केतकी माझ्यापाशी राहील. माझीचं काही बरंवाईट झालं तर हिशेब तिथेच."

"ठेव. आणि तिच्या पायांना तेल चोळ. फार ठणकतात."

"मला सांगू नका. मलाही पोर आहे."

लुगडं हिरवं होतं, काठ बोटभर रुंद. हेमावती ते नेसली आणि जास्वंदीला ओंजळीत घेऊन निघाली.

पहिला नाका नदीचा. नदी वर वाहत होती, समुद्राकडून डोंगराकडे. नदी म्हणाली, "जावेचं लुगडं नेसलेली असेल तीच उतरेल." हेमावती पाण्यात शिरली. एकेका पावलाला लुगडं आवळत गेलं, श्वास कोंडला. तेव्हा तिला काठाच्या आतल्या बाजूला रफू दिसलं. बारीक टाके, वरून अजिबात न दिसणारे. रुंद काठ विरलेल्या जागेवर जोडलेला होता. ज्या काठापायी हिला ताप चढला, तो काठ म्हणजे झाकपाक होती. हेमावती नदीच्या मध्यात उभी राहून "अगं बाई!" म्हणाली. लुगडं सैल झालं आणि ती पार गेली.

दुसरा नाका वडाचा. पारंब्या वाट अडवून लोंबत होत्या, गळ्याला विळखा घालायला टपलेल्या. वड म्हणाला, "पोर कोणाची?"

जावेची म्हणावं तर पारंब्या हलत होत्या. हेमावतीने दात खाल्ले. "माझी," ती म्हणाली.

पारंब्या बाजूला झाल्या. जास्वंदी ओंजळीतून म्हणाली, "मोठ्याई, तू खोटं बोललीस?"

"गप बस. नाका ओलांडेपर्यंत खरंच आहे ते."

"आणि मग?"

"मग बघू," हेमावती म्हणाली, आणि ओंजळ जरा छातीशी धरली. डोंगरावर वारा होता, दुसरं काही नाही.

तिसरा नाका दगडी दाराचा. दार म्हणालं, "जावेचं एक चांगलं सांग."

हेमावती उभी राहिली. दारही उभं राहिलं. ऊन डोक्यावर आलं, ऊन कलायला लागलं. ती म्हणाली, "ती गोरी आहे." दार म्हणालं, "हे कुरकुरत सांगितलंस." ती म्हणाली, "तिचं माहेर मोठं आहे." दार म्हणालं, "हा टोमणा झाला." हेमावतीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग ती खाली बघत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, म्हणाली, "तिच्या भाकरीला पापुद्रा सुटतो. टम्म फुगते. माझ्या भाकरीला सुटत नाही. मी चोरून बघितलंय, पीठ तेच, पाणी तेच. हात तिचा आहे."

दार उघडलं.

आत नीलसेन बसला होता. भोवती भिंतीभर आकडे, जमिनीवर आकडे, छतावर आकडे. त्याची दाढी जमिनीवर लोळत होती. त्याने विचारलं, "वहिनी, काय हवं?"

"आकडा बदला, भावजी. पोरी जातील."

"तो बदलत नाही. त्याला शोधायला मी माझी सगळी वर्षं घातली. तुम्ही ताटावर बसायचात तेव्हा मी हाच शोधत होतो. तुमच्या घरात कधीच कोणाला वाटता येणार नाही असा." तो उठला आणि त्याने एक छिन्नी तिच्या हातात दिली. "बदलत नाही, पण तोडता येतो. शेपटाकडचा आकडा छिन्नीने उडवा, ढीग तेवढाच होईल. हवं तितक्यांदा उडवा. फक्त शेवटचा आकडा उडवू नका. शिळा कोरी झाली की मोती नाहीत, वाटणी नाही, पोरी नाहीत."

"लहान आकड्याला तरी सांधा असेल ना?"

"जा, बघा," तो म्हणाला. दाढीत हसला की काय, ते दिसलं नाही.

ती परतली तो परकराचा दिवस उजाडला होता. केतकी अंगणात आडवी पडून होती, घरात मावत नव्हती. रूपकळा तिच्या पोटरीला तेल चोळत होती. हेमावतीने ते पाहिलं. दोघी भुयारात उतरल्या. जाताना आपापला निखारा घेतला, जास्वंदीची वाटीही घेतली.

शिळेवर शेवटचा तीन होता. हेमावतीने छिन्नी मारली. तीन उडाला. ढीग धाडकन बसला. राहिले त्र्याहत्तर लाख त्र्याण्णव हजार नऊशे तेरा. मोती दोन्हीकडे घरंगळले, मध्ये एक उरला. टिटवी ओरडली.

वर प्रधानांनी कपाळ बडवलं. केवढा खजिना गेला! पण दोघींना त्याचं काही नाही. माझे गेले तर गेले, तिचेही तेवढेच गेले ना, मग झालं. मत्सराला नफा लागत नाही, नुसती बरोबरी लागते.

"द्या इकडे," रूपकळा म्हणाली. "तुमचा हात जड आहे." तिने मारली. सात लाख एकोणचाळीस हजार तीनशे एक्याण्णव. एक उरला. टिटवी.

"तुझा हात बघितला. आण." त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस. टिटवी.

मध्येच प्रधानांनी वरून सुचवलं, देवळाची चूल घालून बघा, सरदारांच्या घालून बघा. घातल्या. फुटेना. शेपूट तोडलेला तुकडासुद्धा बिनसांध्याचा. सात हजार तीनशे त्र्याण्णव. टिटवी. सातशे एकोणचाळीस. टिटवी. त्र्याहत्तर. टिटवी. आता ढीग कसला, पसाभर मोती होते. ऊन भुयाराच्या तोंडातून तिरकं आत आलं होतं.

"अजून एकदा," रूपकळा म्हणाली.

छिन्नी बसली. शिळेवर सात राहिले. मोती सात राहिले. तीन इकडे, तीन तिकडे, मध्ये एक.

टिटवी ओरडली.

भुयाराच्या तोंडाशी नीलसेन येऊन उभा होता. तो म्हणाला, "असा आकडा, की शेपटाकडून कितीही तोडा, उरेल तो प्रत्येक बिनसांध्याचा. असे थोडेच आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा हाच. याहून मोठा जगात नाही. माझं पोट किती जळलं, त्याचं हे माप."

रूपकळेने मधल्या मोत्यावर झडप घातली. हेमावतीनेही घातली. दोन मुठी एका मोत्यावर. "सोड!" "तुम्ही सोडा!" "माझी पोर मोडेल!" "माझी नाहीशी होईल!" जास्वंदी आता अंगठ्याएवढी झाली होती. वाटीतून उतरून ती आईच्या वाट्यापाशी गेली आणि तिने एका मोत्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. तेवढाच तिच्या मिठीत मावत होता. वरून केतकीचा लांबलचक हात भुयारात आला. तिला दिसत नव्हतं, चाचपडत होती. हेमावतीच्या वाट्यातला एक मोती तिच्या चिमटीत आला.

"तुझ्याकडे किती?" केतकीने वरून विचारलं.

"एक," जास्वंदी म्हणाली. "तुझ्याकडे?"

"एक."

"मग सारखं झालं."

हेमावतीची मूठ ढिली पडली. तिच्या नजरेचा काटा सवयीने इकडे गेला, तिकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो मधोमध थांबला. ही केवढी, ती केवढी! पण एक आणि एक. कोणाचं जास्त नाही. बिनसांध्याचा आकडा वाकत नाही, पण सुटा तर होतो. एकेक करून.

"पाट आणा!" ती ओरडली.

दोन्ही राजे धावत पाट घेऊन आले. दाराशीच उभे होते, पाच वर्षं तिथेच उभे होते म्हणा ना. हेमावतीने ते पाट निखाऱ्यांपुढे नाही, शिळेपुढे ओळीने मांडले. "हा थोरल्यांचा. हा धाकट्या भावजींचा. हा रूपकळेचा, हा माझा. हा केतकीचा, हा जास्वंदीचा."

"पोरींना पाट?" रूपकळा म्हणाली. "वाटा चुलीचा असतो, जाऊबाई."

"चूल काय मोती लेऊन मिरवणार आहे? बस खाली."

सहा पाटांपुढे सहा मोती गेले. शिळेपाशी एक उरला. टिटवीने चोच उघडली.

"थांब!" हेमावती म्हणाली.

नीलसेन दाढीत हसत होता, आता उघड हसत होता. ऊन शिळेच्या पायाशी आलं होतं. हेमावतीच्या मनात आलं, मी थोरली, मला दोन. लगेच रूपकळेचे डोळे दिसले. मग आलं, सहाने भागेल असा एखादा आकडा असता तर! मग तिने नीलसेनकडे पाहिलं, नीट पाहिलं, काट्याने जोखून पाहिलं. हा हसतो का? कारण याला ठाऊक आहे. शेवटचा मोती कोणाचा ते मी तोंडाने म्हणणार नाही, हे याला ठाऊक आहे.

आणि खरंच, म्हणवेना. जिभेवर धोंडा होता. तिसऱ्या नाक्यावर जावेचं चांगलं निघालं होतं, पण ह्याचं भर पंगतीत हसं केलं होतं तिने. आपण ज्याला हसतो त्याला बोलवायला सर्वांत जड जातं.

सातवा पाट घरात नव्हता. कधी केलाच नव्हता. हेमावती वर गेली. चुलीशेजारची पितळी परात उचलली, तिच्या सासूची, जी तिने रूपकळेला कधी बोट लावू दिली नव्हती. ती आणून सातव्या जागी पालथी घातली.

"भावजी, बसा."

नीलसेनचं हसणं थांबलं. "वहिनी, मला चूल नाही."

"चुलीत घाला ती चूल! माणूस आहात ना? मग बसा. त्या दिवशी बसवलं नाही, ते चुकलं माझं. आता पाया पडायला लावू नका, मुदत संपतेय."

तो उभाच होता. जास्वंदी खालून म्हणाली, "मधले काका, बसा ना. माझं लक्ष तुमच्याकडे आहे आणि माझा मोती जड होतोय."

नीलसेन परातीवर बसला. कडा टोचत असेल, पण बसला.

सातवा मोती शिळेपासून निघाला. हळूहळू घरंगळत आला आणि त्याच्या पायाच्या अंगठ्याला टेकून थांबला.

सगळ्यांनी टिटवीकडे पाहिलं. टिटवीने सगळ्यांकडे पाहिलं. तिने चोच मिटली, पंखांत मान घातली आणि निजली.

मग जे व्हायचं ते झालं. केतकी आखडत आखडत तिच्या मापाला आली आणि धावत खाली उतरली. जास्वंदी वाढत वाढत तिच्या मापाला आली. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या डोक्यांवर आडवी पट्टी ठेवून पाहणारी हेमावतीच होती. बाजारात तराजूची पारडी समतोल झाली. बैल बैलाएवढे झाले. लंगडणारे नवरदेव सरळ चालू लागले. आणि छिन्नीने उडालेले मोती? ते कुठे गेले नव्हते. ते राज्याच्या काळ्या मातीत उतरले होते. त्या वर्षी जोंधळा असा आला की दाणा न् दाणा पाणीदार. तो राज्याने खाल्ला, पाखरांनी खाल्ला, मुंग्यांनी नेला. पहिल्याच दिवशी पाखरं-मुंग्या धरून एकेक वाटायला घेतला असता, तर सात कोटी जीव सहज निघाले असते आणि पाच वर्षं वाचली असती. पण हे सुचायला आधी सगळं घालवावं लागलं.

नीलसेन पुन्हा काळ्या डोंगरावर गेला नाही. सुताराने सातवा पाट केला, साधा, सागाचा.

वाटणी झाली त्याच संध्याकाळी सातही जण एका पंगतीला बसले होते. भाकऱ्या रूपकळेच्या होत्या, टम्म फुगलेल्या. वाटे हेमावतीने पाडले, म्हणून रीतीप्रमाणे तिने सर्वांत शेवटी उचललं. भुयारात तिच्या पाटापुढे आलेला मोतीही जरा पिवळट होता. रूपकळेचा पांढराशुभ्र. हेमावतीने पाहिलं. तिची नजर काही कुठे गेली नव्हती.

"बदलून देऊ का, जाऊबाई?" रूपकळा हसत म्हणाली.

"नको," हेमावती म्हणाली. "एक आहे ना? पुरे. ती परात तेवढी तुझ्या चुलीकडे ने. पीठ मळायला बरी आहे."

तर घरोघर सगळ्यांचे पाट मांडलेले राहोत, आणि टिटवी अशीच निजलेली राहो.